माझ्या वाट्याचं आखूड वचन

लेंटच्या दिवसांत, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या चाळीस दिवसांत, आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. पंधरा-वीस माणसं येतात. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, बाकीचे सतरंजीवर भिंतीला टेकून, गोल करून बसतात. आधी गाणं होतं, मग शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला एक अध्याय. हा पाठ एकट्याने वाचायचा नसतो. दाराजवळच्या माणसापासून सुरुवात करून प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला सोडून पुढे जायचं. कोणी त्याबद्दल काही बोलत नाही.

लिहायला संकोच वाटतो, पण मी मोजायचे. अध्याय सांगितला की दारापासून माझ्यापर्यंत माणसं मोजायची आणि आपल्या वाट्याला कुठलं वचन येतंय ते बघून ठेवायचं. मोजतात सगळेच. पण बाकीचे मोजतात ते अडखळू नये म्हणून. मी मोजायचे ते वचन चांगलं आहे की नाही हे बघायला. चांगलं म्हणजे लांब. ज्यात आवाज चढवायला, उतरवायला जागा आहे असं.

दोन वर्षांपूर्वी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. लेंटमधला पहिला बुधवार होता आणि प्रार्थना आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी होती. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. अध्याय होता प्रभूला क्रुसावर देण्याआधी सुभेदारापुढे उभं करतात तो. मी मोजलं तर माझ्या वाट्याला एक आखूड वचन येत होतं. एका दमात संपणारं. त्याच्या पुढचं मात्र छान होतं. सुभेदाराची बायको निरोप पाठवते, या माणसाच्या भानगडीत पडू नका, मला याच्यामुळे स्वप्नात फार त्रास झाला, असं ते वचन. मला ते हवं होतं.

तेवढ्यात दारात दोघी आल्या. एक माझ्याच वयाची मुलगी आणि तिची आई. पहिल्यांदाच आल्या होत्या. आई आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. मुलगी उभीच होती. मी लगेच सरकले आणि म्हणाले, "ये, इथं बस."

बाईंनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी माझी जागा दिली होती. माझ्या जागेबरोबर ते आखूड वचनही दिलं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

तिची पाळी आली. तिने ते आखूड वचन वाचलं. वाचलं म्हणजे काय केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. शेजारणीला एखादी खरी गोष्ट सांगावी तसं तिने ते सांगितलं आणि थांबली. खोलीत कोणी हललं नाही. मग माझी पाळी. मी स्वप्नाचं वचन माझ्या सगळ्या चढउतारांसह वाचलं, आणि माझं वाचून झालं तरी लोक अजून तिच्याच वचनात बसलेले होते.

तिथून ते सुरू झालं.

माझं वाचन मला का एवढं मोठं वाटत होतं ते सांगायला हवं. आम्ही भवानी पेठेत राहतो. वडील टॉवेलच्या कारखान्यात हेल्पर आहेत, आई विड्या वळते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. पहिल्या वर्षी वर्गात उत्तर द्यायला उठले आणि "न्हाय सर" म्हणाले, तेव्हा मागच्या बाकावर हसू फुटलं. त्या वर्षी मी माझी भाषा एकेक शब्द करून बदलली. हाय सोडलं, आहे धरलं. कुटं सोडलं, कुठे धरलं. आई चिडवायची, "बाईसाहेब आल्या गं. आता आमाला चहा द्या म्हणायची चोरी." पण रविवारी मी चर्चमध्ये पुढे उभी राहून पाठ वाचायचे तेव्हा तीच आई पदर सावरून ताठ बसायची. बाहेर आल्यावर लोक म्हणायचे, "छान वाचलंस. शिकल्याचं सार्थक झालं." माझ्याजवळ तेवढंच होतं. मला वाटायचं, ते मी कमावलेलं आहे.

आणि ही मुलगी कुर्डुवाडीहून आलेली. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, ते वारल्यावर मायलेकी इथे खोली घेऊन राहिलेल्या. बारावीनंतर तिने शिक्षण सोडलं होतं आणि सात रस्त्यावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. बोलायला लागली की "मला न्हाय जमत तसलं", "लई गर्दी हुती बघ". शब्द बदलायचा तिने कधी विचारही केलेला नव्हता. पण शास्त्र हातात घेतलं की ते सगळे शब्द तिच्या तोंडात जिथल्या तिथे बसायचे.

माझं वाचन झालं की लोक छान म्हणायचे. तिचं झालं की काहीच म्हणायचे नाहीत. त्या काहीच न म्हणण्याचा मला हेवा वाटत होता. अर्थात तेव्हा मी त्याला हेवा म्हणत नव्हते. मी म्हणत होते, तिला अजून आशय कळत नाही. मी म्हणत होते, पाठ वाचणाऱ्याची तयारी आतून हवी.

तिला मात्र माझ्याशी मैत्री करायची होती. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "तू शिकलेली हायस. अवघड शब्दांचा अर्थ सांगशील का? मला वाचताना निस्तं वाचल्यागत वाटतं."

"तुला अर्थ कळत नाही?"

"थोडा थोडा कळतो. जिथं कळत न्हाय तिथं मी हळू हुते."

मला आनंद झाला. खोटं का बोलू. मी तिच्या घरी गेले. एक खोली, एका बाजूला ओटा. तिची आई कडक भाकरी करून पापडासारख्या उभ्या रचत होती. मी मदत करते म्हणून ज्वारीच्या पिठाचा डबा पुढे ओढला आणि झाकण उघडलं. पिठावर एका कापडात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. कापड सुटलं. आत देवीचा चांदीचा टाक होता, अंगठ्याएवढा, झिजून गुळगुळीत झालेला.

तिच्या आईने हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाली, "माज्या आईचा हाय त्यो. मी काय पुजत न्हाय, पोरी. ह्यांच्याशी लगीन केलं तवाच सोडलं समदं. पर आईनं हातात दिलेला. फेकू कुटं?"

"असू दे ना मावशी," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. त्या क्षणी तरी मनापासून. मुलीने टाक परत कापडात बांधला आणि मला हलकेच म्हणाली, "कुणाला बोलू नगंस हां. लोकांना उगं वाटंल कायतरी."

मी म्हणाले, "नाही गं."

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चमध्ये प्रभूच्या दुःखसहनाचा पाठ एकच तरुण वाचक उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. धरून नेण्यापासून कबरेपर्यंत. सगळी मंडळी काळ्या-पांढऱ्या कपड्यांत, दुपारची वेळ, वर्षातून कधीतरीच येणारेही त्या दिवशी येतात. दोन वर्षं तो पाठ मी वाचला होता. लेंटच्या पाचव्या रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, उपासनेनंतर सांगितलं की या वर्षी तो पाठ कुर्डुवाडीहून आलेली ती मुलगी वाचेल.

मी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, पण मी दोनदा वाजवल्या आणि थांबले. घरी येताना आईने विचारलं, "तोंड का असं?"

"डोकं दुखतंय."

"दरसाली तुलाच द्यायचं का मग? ती बी कुणाची तरी लेकच हाय की."

मी आईशी त्या दिवशी बोलले नाही.

पुढच्या बुधवारी प्रार्थना आमच्याच घरी होती. दुकानात तिची संध्याकाळची पाळी होती, त्यामुळे ती आली नाही. तिची आईही आली नाही. शास्त्रपाठ झाल्यावर विनंत्या मागतात. ज्याच्या मनावर ओझं असेल त्याने सांगायचं, मग सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाच्या मुलाचं लग्न जमत नाही. विनंती म्हणून सांगितलेल्या गोष्टीला आमच्याकडे कोणी चहाडी म्हणत नाही.

मी डोळे मिटले आणि म्हणाले, "आपल्या मंडळीत आलेल्या एका नव्या बहिणीसाठी माझी विनंती आहे. मी नाव घेत नाही. तिच्या घरात अजून जुन्या गोष्टी जपलेल्या आहेत. देवीचा टाक आहे. त्यांचा विश्वास दृढ व्हावा म्हणून आपण प्रार्थना करावी. विशेषतः ती आता पवित्र पाठ वाचणार आहे, म्हणून माझ्या मनावर ओझं आहे."

वाक्य मी आधीच जुळवून ठेवलं होतं. कॉलेजला जाताना, रिक्षात, दोनदा मनात म्हणून बघितलं होतं. पण बोलताना माझा आवाज खरोखर दाटून आला. आजही त्या गोष्टीचं मला सर्वांत भय वाटतं. मी नाटक करत होते असं मला तेव्हा वाटलंच नाही.

सगळे आमेन म्हणाले. नव्या बहिणी आमच्या मंडळीत त्या वर्षी किती होत्या? एकच. बाईंनी निघताना मला जवळ घेतलं. "चांगलं केलंस सांगितलंस ते. तुला काळजी आहे मंडळीची." मी मान खाली घातली. नम्रतेने घालतात तशी.

आई भांडी आवरत होती. सगळे गेल्यावर तिने विचारलं, "त्या माउलीनं तुला भाकरी वाढलेली का गं त्या दिवशी?"

"हो. का?"

"न्हाय, इचारलं."

रविवारी पाळकसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. या वर्षी जुन्या वाचकानेच वाचावं असं कमिटीचं मत पडलं, असं ते म्हणाले. त्यांना ते सांगायला बरं वाटत नव्हतं. मी म्हणाले, "तिला दिलं असतं तरी चाललं असतं, साहेब." आणि लगेच, "पण मंडळीची इच्छा असेल तर."

सोमवारी मी पाठाची झेरॉक्स काढायला गेले. आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सची चार दुकानं आहेत. मी सात रस्त्यावर गेले, तिच्या दुकानात. का गेले ते आता कळतं. तिने बघावं म्हणून गेले. पानं तिच्या हातात दिली तेव्हा तिने एकदा वाचून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि मशीनकडे वळली. थोडा वेळ बटणं दाबत राहिली. पानं बाहेर आली ती दुप्पट मोठ्या अक्षरांची होती.

"मी असं सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"हुबं राहून वाचायचं तर अक्षर मोटं पायजे. त्या माइकपाशी उजेड कमी हाय. मी त्या रविवारीच जाऊन बघून आलेली."

म्हणजे ती तयारी करत होती. तिथे जाऊन, उभी राहून. मी पानं घेतली आणि निघाले. बाहेर उन्हात उभी राहून मी त्यांवर एकदा फुंकर मारली. गरम होती.

मंगळवारी कॉलेजात मोकळ्या तासाला मी जिन्याखालच्या पायरीवर बसून सराव करत होते. शेजारी माझी वर्गमैत्रीण होती. तिच्या घरी तेलुगू बोलतात, वडील आणि काका चादरींच्या मागावर आहेत. आमच्या चर्चशी तिचा काही संबंध नाही, पण गेला दीड महिना मी तिला रोज सगळं सांगत होते, त्यामुळे तिला सगळं माहीत होतं. ती पानं धरून बसली होती, मी न बघता किती म्हणता येतं ते बघत होते.

"थांब की," ती मध्येच म्हणाली. "ही लोकं कोण? धरून आणणारी?"

"याजक. म्हणजे देवळातले मोठे लोक. आणि वडीलधारे."

"म्हणजे भक्तीतलीच माणसं?"

"हो."

"मग त्यांचं काय बिघडलं होतं?"

मला हा प्रश्न आवडला. मी समजावून सांगू लागले. त्यांना वाटलं की हा माणूस धर्माविरुद्ध बोलतो. त्यांना शास्त्राची काळजी होती. लोक भलत्या मार्गाला लागतील असं त्यांना वाटत होतं. रविवारच्या वर्गात मुलांना सांगते तसं मी सांगत होते.

ती पानावर बोट फिरवत होती. "काय की बाई. तू म्हणतेस धर्म, काळजी. इथं तर तसं नाही."

"कुठे?"

"हे बघ. हितं. ह्या आखूड ओळीत. त्या सुभेदाराला ठाऊक होतं की ह्यांनी त्याला हेव्यापायी धरून दिलंय." तिने मान वर केली. "सुभेदार म्हणजे त्यांच्यातला?"

"नाही. तो रोमी. परका."

"बघ. परक्याला कळलं. एवढी सगळी भक्तीतली माणसं आरडाओरडा करायली, आणि कळलं कुणाला, तर परक्याला." तिला हसू आलं. मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. थोडा वेळ ती पानाची कड दुमडत बसली.

"राग येणार नसेल तर एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"ती प्रार्थना सांगितलीस ना तू, त्या मुलीबद्दल. मला तू ते सांगितलंस तेव्हाच वाटलेलं. पण तुमच्या धर्मातलं काय असतं ते मला काय ठाऊक, म्हणून गप बसले. तुला तिच्यावर जळायला होतंय, न्हवं?"

मी म्हणाले, "तसं नाही ते."

"बरं," ती म्हणाली, आणि पानं माझ्या मांडीवर ठेवली.

ती वर्गात गेली, मी तिथेच बसले. त्या ओळीकडे बघत राहिले. दुप्पट मोठ्या अक्षरांत होती, तरी एका ओळीतच संपत होती. मग मला आठवलं. बाईंच्या घरचा पहिला बुधवार. मी मोजलेली माणसं. हेच ते आखूड वचन होतं. ते माझ्या वाट्याला आलं होतं आणि मी ते, जागा देण्याच्या निमित्ताने, तिच्यावर ढकललं होतं. लहान आहे म्हणून. त्यात वाचण्यासारखं काही नाही म्हणून. त्याआधी दोन उत्तम शुक्रवारी मी ते शंभर-दीडशे माणसांपुढे वाचलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं. मी त्या सगळ्या गोष्टीत स्वतःला नेहमी कुठे उभी करत आले होते? क्रुसापाशी, रडणाऱ्या बायकांत. देवळातल्या मोठ्या माणसांत मी स्वतःला कधी बघितलं नव्हतं. आणि तीही माणसं सुभेदाराकडे येताना, काळजी वाटते म्हणूनच आलो, असं एकमेकांना सांगत आली असतील. कदाचित त्यांचाही आवाज दाटून आला असेल.

संध्याकाळी मी दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, मी बाजूला थांबले. मोकळी झाल्यावर ती म्हणाली, "अजून काडायच्यात का?"

"नाही. मला सांगायचंय काहीतरी. घरप्रार्थनेत टाकाचं मी सांगितलं."

"म्हायती हाय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवशीच बाई आल्या हुत्या घरी. आईला समजवायला. लई चांगलं बोलल्या. घरातलं त्या पोरीबिगर कुणाला ठाव, आई म्हणली." ती कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा करत होती. "तू झेरॉक्सला आलीस तवाबी म्हायती हुतं."

मी विचारलं, "टाकाचं काय केलं मग?"

"आईनं मामाकडं पाटवला, अक्कलकोटकडं. एसटीत वळकीच्या मानसाच्या हाती."

"रडल्या?"

"न्हाय. डबा धुतला, उनात वाळवला आन पीठ भरलं." मग म्हणाली, "कशापायी केलंस पर? मी तुजं काय वाईट केलतं?"

"तू वाचतेस ना, त्यामुळे." हे शब्द तोंडातून काढायला मला एवढा वेळ लागला की मध्ये एक माणूस आधार कार्डाच्या दोन प्रती काढून निघून गेला. "तू वाचतेस तसं मला येत नाही."

तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "वाचन्याचं?" ती म्हणाली. "एवडंच?"

त्या 'एवढंच'चाही मला हेवा वाटला. तिला ते एवढंच होतं.

"मला माफ कर," मी म्हणाले.

"आज का आलीस? शुक्रवार आला म्हणून? मन हलकं करून वाचायला बरं पडतंय म्हणून?"

मी खरं उत्तर शोधलं. "हो. असेल."

"मग थांब जरा," ती म्हणाली. "मला एवड्या लवकर न्हाय जमायचं." आणि तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हात केला.

दुसऱ्या दिवशी शेवटचा बुधवार होता. प्रार्थना परत बाईंच्या घरी. विनंत्यांची वेळ आली तेव्हा मी डोळे उघडे ठेवून म्हणाले की मागच्या बुधवारी मी जी विनंती सांगितली ती विनंती नव्हती. उत्तम शुक्रवारचा पाठ मला पाहिजे होता, तिला मिळाला हे मला सहन झालं नाही, म्हणून मी ते बोलले. ज्या माउलीबद्दल बोलले तिने मला जेवायला घातलं होतं. या वर्षी मी पाठ वाचणार नाही.

कोणी आमेन म्हणालं नाही. कोण सतरंजीकडे, कोण पंख्याकडे बघू लागलं. बाईंचा चेहरा उतरला होता, आणि तो माझ्यामुळेच नाही, त्यांच्या स्वतःच्या त्या भेटीमुळेही असावा. त्या म्हणाल्या, "बस खाली." मी बसले. बसल्यावर मला जाणवलं की मी वाट बघत होते. कोणीतरी म्हणावं, किती धीर आहे गं मुलीत. आतमध्ये, अगदी मागे, मी त्यासाठी जागा रिकामी ठेवली होती. कोणी म्हणालं नाही ते बरं झालं.

पाळकसाहेब गुरुवारी, तूच वाच म्हणून सांगायला, तिच्या दुकानात जाऊन आले. ती म्हणाली, "शुक्रवारी माजी पाळी हाय," आणि ते खोटं होतं, कारण दुकान त्या दिवशी दुपारी बंद असतं. त्यांनी परत विचारलं नाही. शेवटी पाठ एका निवृत्त कंपाउंडर आजोबांनी वाचला. त्यांना मी माझी मोठ्या अक्षरांची पानं दिली, तरी ते चष्मा वर-खाली करत अडखळत होते. ते आखूड वचन आलं तेव्हा त्यांनी पान उलटायला वेळ लावला आणि एक ओळ दोनदा वाचली गेली. लोक कंटाळले होते. मी मागच्या बाकावर होते. ती माझ्यापुढे दोन बाकं सोडून बसली होती, एकटी. तिचे ओठ हलत होते. पूर्ण पाठ तिला तोंडपाठ होता.

तिची आई त्यानंतर चर्चमध्ये आली नाही. अजूनही येत नाही. माझ्यामुळे जे झालं त्यातलं हे एवढं मला परत जागेवर ठेवता आलेलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले. आईनेच पाठवलं, हातात कैऱ्यांची पिशवी देऊन. "जा, आन नुसतं तोंड घिऊन बसू नगंस, कामाला लाग तितं गेल्यावर." दार मावशींनीच उघडलं.

"सलाम, मावशी," मी आमच्यात म्हणतात तसं म्हणाले.

"ये," त्या म्हणाल्या. पिठाचा डबा ओट्यावर होता, झाकण घट्ट लावलेला. मी कैऱ्या धुवायला घेतल्या. दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघी नुसत्या कैऱ्या चिरत होतो. मग त्या म्हणाल्या, "मला काय वाचाय येत न्हाय. ही रोज सांजच्याला वाचून दावती. आज हिला यायला उशीर हाय. तू वाच."

"मी?"

"मग काय कैऱ्या वाचत्यात?"

शास्त्र फडताळात होतं. त्यांनी सांगितलं तिथून वाचायला घेतलं. दोन वचनं झाली आणि त्या म्हणाल्या, "जरा हळू. कुटं गाडी गाठायची हाय तुला?" मी हळू झाले. चढउतार आपोआप येत होते, ते मी दाबत होते, आणि दाबलेलेही ऐकू येत होते. मावशी सुरी न थांबवता ऐकत होत्या.

मध्येच दार वाजलं. ती आली. चप्पल काढून उंबऱ्यातच टेकली आणि म्हणाली, "थांबलीस का? चालू ठेव." मी एक शब्द अडखळले. तिने तो न बघता सांगितला, आणि पुढचं अर्धं वचन तसंच, घाम पुसत, दारात बसून म्हणून टाकलं. मावशींची सुरी थांबली.

मला हेवा वाटला. तसाच, पहिल्या बुधवारइतकाच. मी बोट पानावर ठेवलं, ती जिथे थांबली होती तिथे, आणि पुढचं वचन वाचायला घेतलं.